उयुनीची बस रात्री साडेनऊला

बोलिव्हियात रात्रीच्या बसचं तिकीट काढण्याआधी एकच गोष्ट विचारायची: रस्ता चालू आहे ना? तिथे रास्ता रोको हा राजकारणाचा नेहमीचा मार्ग आहे. शिक्षक, खाणकामगार, ट्रकवाले, शेतकरी, कुणाचंही गाऱ्हाणं असलं की रस्त्यावर दगड आणि टायर येतात. कधी दुपारपर्यंत मिटतं, कधी आठवडे जातात. सरकारच्या रस्तेखात्याचा नकाशा इंटरनेटवर असतो, त्यात कुठला रस्ता मोकळा आणि कुठला अडलेला ते दिसतं. होस्टेलच्या काउंटरवरच्या मुलाने सकाळी तो उघडला, माझ्या वाटेवरच्या ओरूरो शहराकडे जाणाऱ्या रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सध्या तरी शांत आहे." मला तेवढं पुरे होतं.

मी कोपाकबानाहून, म्हणजे तितिकाका सरोवराच्या काठावरून ला पाझला आले होते आणि पुढे उयुनीला, मिठाच्या पठाराकडे निघाले होते. खोली अकराला सोडायची, बस रात्री साडेनऊची. अशा दिवशी बरेच जण सॅक होस्टेलमध्येच ठेवतात. मला ते पटत नाही. ला पाझमध्ये कुठल्याही दोन ठिकाणांच्या मधे एक चढ असतोच, आणि शहराची उंची ३६०० मीटरच्या वर. संध्याकाळच्या गर्दीत, दमलेल्या पायांनी, पाठीवर बिऱ्हाड घेऊन तो चढ चढण्यापेक्षा सकाळीच ते ओझं बसस्थानकावर नेऊन टाकावं आणि दिवसभर मोकळ्या पाठीने फिरावं.

स्थानकाची इमारत पिवळी, आत लोखंडी कमानींचं उंच छत. हे गुस्ताव आयफेलचं काम असं तिथे सगळेच सांगतात. प्रत्येक कंपनीच्या खिडकीत एक बाई आणि प्रत्येक बाई आपापल्या गावाचं नाव सुरात लांबवते: "ओरूरो, ओरूरो, ओरूरोऽऽ". उयुनीच्या खिडक्या फिरून चौकशी केली. सीट 'कामा' हवी की 'सेमी कामा' हे आधी ठरवायचं. कामा म्हणजे एका रांगेत तीनच खुर्च्या, पाठ बरीच मागे जाते, पाय वर घेता येतात. सेमी कामात रांगेला चार आणि पाठ जाईल तितकी. रात्र साडेपाचशे किलोमीटरांची आहे, त्यामुळे इथे पैसे वाचवू नयेत असं माझं मत. दुसरा प्रश्न हीटरचा. ऑगस्टमध्ये त्या पठारावर पहाटेचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. हीटर आहे का विचारलं की उत्तर कायम "हो" असतं. म्हणून मी विचारते आणि तरीही लोकरी मोजे हाताशी ठेवते.

खिडकीतल्या बाईने माझ्या आडनावाची अक्षरं एकेक करून लिहून घेतली, पासपोर्टचा नंबर दोनदा तपासला आणि सीटच्या नकाशावर खालच्या मजल्यातल्या एका चौकोनात फुली मारली. सामानघरात सॅक दिली, पावती खिशात टाकली. पासपोर्ट, कार्ड, औषधं, पाणी आणि ते मोजे छोट्या पिशवीत, पिशवी पोटावर.

बाहेर एका गाडीवर साल्तेन्या, करंजीसारख्या. हा सकाळचा पदार्थ, दुपार टळली की सहसा मिळत नाही. कडेला वेणीसारखी मुरड घातलेली, भट्टीत भाजलेली, आणि आत चक्क रस्सा. सारण जिलेटिनने घट्ट करून भरतात, भट्टीत ते वितळतं. त्यामुळे ती उभी धरायची, वरचं टोक कुरतडायचं, आधी रस्सा ओढायचा आणि मग चिकन, बटाटा, वाटाणे असं करत खाली उतरायचं. शेजारी उभा असलेला टायवाला गृहस्थ एक थेंबही न सांडता दोन संपवून ऑफिसला गेला. माझा रस्सा मनगटापर्यंत आलेला बघून गाडीवालीने न मागता चमचा दिला.

बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुनं रेल्वे स्टेशन आहे. तिथून तेलेफेरिकोची, म्हणजे रोपवेची लाल लाइन सुटते. पर्यटकांसाठीचा रोपवे डोळ्यांसमोर आणू नका. ही शहराची मेट्रो आहे, फक्त तारेवरून जाते. पहिली लाल लाइन २०१४ च्या मे महिन्यात सुरू झाली, ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीने बांधली. आज दहा लाइन आहेत, एकेक रंगाची, मिळून तीसेक किलोमीटर. स्थानकांना स्पॅनिशबरोबर आयमारा या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतली नावंही आहेत. तिकीट तीन बोलिव्हियानो, लाइन बदलली की पुढच्या टप्प्याला दोन. एका पाळण्यात दहा माणसं बसतात आणि आत येणारा प्रत्येक जण अनोळखी लोकांना "बुएनोस दियास" म्हणतो. लोकलच्या डब्यात वाढलेल्या मला पहिल्यांदा वाटलं की आत आलेली बाई माझ्यामागच्या कुणाशी तरी बोलतेय. मागे काचच होती.

ही बाई साठीची असावी. पोयेरा म्हणजे घेरदार परकर, दोन वेण्या, डोक्यावर जरा लहानच वाटणारी बोलर हॅट आणि पाठीला रंगीत पट्ट्यांच्या चौकोनी कापडात, आग्वायोत बांधलेलं गाठोडं. ते तिने मांडीवर घेतलं आणि सोडलं तेव्हा आत बटाटे निघाले: जांभळट, काळपट, वाकडेतिकडे आणि काही पांढरे, खडूइतके हलके. हे पांढरे म्हणजे तुंता. कडाक्याच्या रात्री उघड्यावर गोठवायचे, वाहत्या पाण्यात भिजत ठेवायचे, पायाने तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. पुढे वर्षानुवर्षं टिकतात. एक उचलून तिने माझ्या तळहातावर ठेवला. वजन लागलंच नाही.

पाळणा वर चढतो तसं खाली दफनभूमी येते. मृतांसाठी भिंतींमध्ये एकावर एक काचेचे कप्पे, मधे गल्ल्या, वरच्या कप्प्यात फुलं ठेवायला लावलेल्या शिड्या. त्यानंतर न गिलावलेल्या विटांची घरं कड्याला बिलगून वर वर जातात आणि अचानक कडाच संपतो. समोर सपाट पठार: एल आल्तो, उंची ४१०० मीटरच्या आसपास. मागे वळून बघितलं की सगळं ला पाझ एका खोल वाडग्यात सांडलेलं दिसतं आणि त्याच्या पलीकडे इयिमानी, ६४३८ मीटर, बर्फाने भरलेला.

कागदावर वाचलेला इतिहास इथे उभं राहिल्यावर नीट कळला. १७८१ मध्ये तुपाक कातारीच्या आयमारा फौजेने स्पॅनिशांच्या ला पाझला वेढा घातला तो याच काठावरून. शहरात खायला काही उरलं नव्हतं, चामडी उकळायची वेळ आली. वेढा शेवटी मोडला, कातारीला हालहाल करून मारलं. पण वाडग्याचा काठ ज्याच्या हातात त्याच्या हातात शहराचा गळा, हे गणित बदललेलं नाही. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नैसर्गिक वायूच्या निर्यातीवरून एल आल्तो पेटलं, रस्ते अडवले गेले, गोळीबारात माणसं मेली आणि राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा देश सोडून पळाले. विमानतळ वर, उयुनीचा रस्ता वर. सकाळच्या त्या नकाशातली रेघही इथूनच सुरू होत होती.

गुरुवार होता, म्हणून १६ हुलिओचा बाजार भरलेला. तो गुरुवारी आणि रविवारीच भरतो. इंजिनाचे सुटे भाग, अमेरिकेतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग, एकेका पायाचे बूट, नवीकोरी टॉयलेटची भांडी, रिमोट, पिल्लं, लग्नाचे पोशाख. विकत घ्यायचं काहीच नव्हतं तरी तासभर गेला. एका गल्लीत फक्त दारं होती, चौकटींसकट उभी केलेली, आणि लोक ती उघडून-मिटून बघत होते. इथे शंभराची नोट काढली की विक्रेते मान हलवतात, सुटे नाहीत. त्यामुळे सुटी नाणी दिसतील तिथे साठवत राहायचं. दिवसभरात स्वच्छतागृहालाच ती किती तरी लागतात: एक बोलिव्हियानो आणि त्याबदली घडी घातलेला कागदाचा तुकडा.

वरून चंदेरी लाइन पठाराच्या कडेकडेने जाते. त्या विटकरी घरांमध्ये एकदम हिरव्या-केशरी-जांभळ्या रंगांच्या, आरशाच्या काचांच्या इमारती उगवतात. फ्रेडी मामानी या गवंडीकामातून वर आलेल्या वास्तुकाराने ही शैली रुजवली. खाली दुकानं, मधे झुंबरं लावलेला लग्नाचा हॉल, भाड्याने द्यायचे मजले आणि गच्चीवर मालकाचं स्वतंत्र घर. व्यापारात कमावलेल्या आयमारा कुटुंबांनी पैसा वर, एल आल्तोतच लावला, खालच्या प्रतिष्ठित वस्तीत जायला नकार दिला. मला या इमारती सुंदर वाटल्या नाहीत. त्यांचा ताठा मात्र फार आवडला.

पुढे पिवळी लाइन पकडून खाली, मग हिरवी पकडून आणखी खाली, थेट इर्पावीपर्यंत. या सलग उतरणीसाठी मी सबंध दिवस राखून ठेवला होता असं म्हटलं तरी चालेल. ला पाझमध्ये माणसाचा पत्ता म्हणजे त्याची उंची. जितकं वर तितकी थंडी, वारा आणि विरळ हवा, म्हणून गरीब वर. जितकं खाली तितकी ऊब आणि झाडं, म्हणून श्रीमंत खाली. एल आल्तो ते इर्पावी यांत सात-आठशे मीटरचा फरक आहे. वर मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती, पिवळ्या लाइनवर ती उघडली, हिरव्यावर जॅकेट मांडीवर आलं. खाली विटा संपून गिलावा आला, पत्रे संपून कौलं, मग फाटकं, हिरवळ, एका घरामागे पोहण्याचा तलाव. पाळणे सुरू झाले तेव्हा मोलकरणी, माळी, गवंडी यांचे मिनीबसमधले तासन् तास वाचले. आणि आपल्या अंगणावरून दिवसभर लोक जाताना बघण्याची सवय इथल्यांना लावून घ्यावी लागली. इर्पावीला एक मॉल आहे. आत जाऊन तोंड धुतलं आणि लगेच परत फिरले. तिथे बघण्यासारखं ते अंतरच होतं, आणि ते मी उतरून आले होते.

परतीला आकाशी लाइनने प्रादोपर्यंत. हा शहराचा मुख्य रस्ता, याच्याखालून चोकेयापू नदी वाहते, म्हणजे बंदिस्त करून वाहवलेली. चौकात झेब्र्याचा पूर्ण पोशाख घातलेली मुलं गाड्यांसमोर हात पसरून उभी राहतात आणि म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देतात. २००१ पासून चाललेला महापालिकेचा उपक्रम आहे. पोलिसाची शिट्टी न ऐकणारा मिनीबसवाला झेब्र्यासमोर ओशाळून थांबतो, हे मी बघितलं. बूटपॉलिश करणारी मुलं मात्र चेहरा लोकरी टोपीने झाकून बसतात, फक्त डोळे उघडे. वर्गातल्या कुणी, शेजाऱ्याने ओळखू नये म्हणून.

दुपारचं जेवण सान फ्रान्सिस्को चर्चजवळच्या लान्सा बाजारात. सिमेंटची बहुमजली, गोंधळलेली इमारत, रॅम्प कुठून कुठे जातात ते कळत नाही. नाक नेईल तिकडे जायचं. मी सोपा दे मानी मागवलं. शेंगदाण्याचं सूप.

वाडगा आला आणि पहिल्या चमच्याला मी थबकले. दाण्याची आमटी! अगदी तीच नव्हे. आपण दाणे भाजतो, इथे कच्चेच वाटतात, म्हणून रंग पांढुरका आणि चव सौम्य. आमसूल नाही, जिऱ्याची फोडणी नाही. उलट हाडांचा रस्सा, गाजर, वाटाणे, मॅकरोनी आणि वर तळलेल्या बटाट्याच्या सळ्या, म्हणजे उपासाला चालण्याचा प्रश्नच नाही. पण घशाखाली उतरताना तोच जडपणा, तोच स्निग्ध घट्टपणा. भुईमुगाच्या मूळ जंगली जाती दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातल्या. बटाटा तितिकाकाच्या परिसरातला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही याच खंडातला, मिरचीही अमेरिकेतलीच. एकादशीच्या खिचडीतून जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर बाकी सगळं समुद्रापलीकडून आलेलं, आणि तेही गेल्या पाचशे वर्षांत. आजीला हे सांगितलं असतं तर तिने आधी मला उपास सोडायला लावला असता, मग विषय बदलला असता.

सोबत याहवा. टोमॅटो आणि लोकोतो मिरची दगडी पाट्यावर वाटतात, त्यात किर्किन्या नावाचा उग्र वासाचा पाला. लोकोतो दिसते छोट्या ढोबळी मिरचीसारखी गोल आणि कापल्यावर बिया काळ्याकुळकुळीत. तिखट आहे, खरंच तिखट. मी दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर एका गाळ्यावर पपईचं ज्यूस घेतलं. ग्लास रिकामा झाला की बाई मिक्सरच्या भांड्यात उरलेलं पुन्हा ओतते, त्याचे पैसे नसतात. ती यापा. न घेता उठलात तर तिला राग येतो.

जवळच चेटकिणींचा बाजार. नाव पर्यटकांना खेचण्यासाठी उत्तम, प्रत्यक्षात ही पूजासाहित्याची दुकानं आहेत. ऑगस्ट हा पाचामामाचा, धरणीमातेचा महिना, या दिवसांत तिला भूक लागते असं मानतात. त्यामुळे खरे गिऱ्हाईक मला भरपूर दिसले. एका दुकानात मध्यमवयीन जोडपं नव्या टॅक्सीसाठी 'मेसा', म्हणजे पाचामामाचा नैवेद्य बांधून घेत होतं. दुकानदारीणबाईने पांढरा कागद पसरला, त्यावर रंगीत लोकर, सुगंधी लाकडाचे तुकडे, लामाची चरबी, कोकाची पानं आणि मग साखरेच्या छोट्या वड्या, प्रत्येकीवर चित्र उठवलेलं: घर, गाडी, नोटांचं पुडकं, हातात हात. नवऱ्याने गाडीची वडी दोनदा पालटून बघितली आणि दुसरी मागितली, कारण पहिलीचं चाक तुटलेलं होतं. छताला लामाचे वाळलेले गर्भ टांगलेले असतात. घराच्या पायाभरणीत पुरायला ते लागतात. परदेशी मुलं खाली उभी राहून सेल्फी काढत होती, बाई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

मुरियो चौकात फार रेंगाळले नाही. कबुतरं, पहारेकरी, आणि संसदेच्या इमारतीवर २०१४ साली बसवलेलं उलटं फिरणारं घड्याळ. दक्षिण गोलार्धात सावली उलट फिरते, मग काटे उत्तरेच्या नियमाने का फिरवायचे, असं सरकारचं म्हणणं. याच चौकात १९४६ मध्ये जमावाने राष्ट्राध्यक्ष वियारोएलना दिव्याच्या खांबाला लटकवलं होतं. शाळेच्या सहलीतली मुलं तिथेच शेजारी आइस्क्रीम खात होती.

पाय आता बोलायला लागले होते. हाएन गल्ली ही वसाहतकाळातली रंगीत घरांची छोटी गल्ली, तिथलं वाद्यांचं संग्रहालय गाठलं ते मुख्यतः बसायला मिळेल म्हणून. चारांगो हे छोटं तंतुवाद्य वाजवणाऱ्या एर्नेस्तो कावूर यांनी उभं केलेलं. खवल्या आर्माडिलोच्या पाठीपासून केलेले चारांगो, दोन मानांचे, गोल फिरणारे, आणि काही वाद्यं वाजवून बघायची मुभा. एका सिकूवर, म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या नळ्यांच्या पाव्यावर फुंकर मारली. या उंचीवर श्वास जिना चढायलाच पुरत नाही, वाद्याला कुठून पुरणार.

साडेआठला स्थानकावर. सॅक सोडवली. मग एका वेगळ्या खिडकीवर स्थानक वापरल्याच्या शुल्काची चिठ्ठी घ्यायची, काही बोलिव्हियानोंची. बसच्या तिकिटात ती धरलेली नसते आणि तिच्याशिवाय सोडत नाहीत. सामानाला बिल्ला लावून घ्यायचा, सॅक बसच्या पोटात गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच चढायचं. चहाला अर्थ नव्हता, इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पावडर कितीही घाला रंग येत नाही. कोकाचा काढा घेतला.

बस साडेनऊची पावणेदहाला हलली, गोल गोल वळणांनी एल आल्तोला चढली आणि तिथे पुन्हा थांबली. उरलेल्या सीट भरायला अर्धा तास. तेवढ्यात चापूनचोपून केस विंचरलेला एक माणूस चढला, मधल्या वाटेत उभा राहिला आणि त्याने पोट, यकृत, मूत्रपिंड अशा क्रमाने मानवी शरीरावर मोठ्या आवाजात व्याख्यान दिलं. शेवटी खिशातून हिरव्या कॅप्सूलचं पाकीट निघालं. आश्चर्य म्हणजे सहा-सात जणांनी घेतलं. माझ्या शेजारच्या बाईने घेतलं, उघडलं, एक गिळली आणि मलाही एक देऊ केली. मी हात जोडले.

हीटर होता. तो मध्यरात्रीपर्यंत असा तापला की सगळे स्वेटर काढून बसले, आणि ओरूरोनंतर कधीतरी बंद पडला. मोजे चढवले.

उयुनीला उतरले तेव्हा अंधार होता आणि रस्त्यावर फक्त आम्ही आणि टूर कंपन्यांच्या बायका, हातात प्लास्टिकमध्ये घातलेले फोटो घेऊन. एकीने तीन दिवसांचा दर सांगितला, दुसरीने तो लगेच खाली आणला, तिसरी म्हणाली आधी माझ्या कॅफेत या, शेगडी पेटलीय. तिच्यामागे गेले.